दान मागे पडले, धाक उरला

६ जानेवारी १६६५ रोजी सूर्यग्रहण होते. त्या पर्वावर शिवाजी महाराजांनी महाबळेश्वरी मातोश्री जिजाबाईंची आणि वयोवृद्ध सोनोपंत डबीरांची सुवर्णतुला केली. एका पारड्यात आईसाहेब, दुसऱ्यात सोने, आणि ते सोने दानाला. ग्रहण म्हटले की मला सर्वांत आधी हा प्रसंग आठवतो. दारे-खिडक्या लावून घरात बसणे त्यात नाही, उपाशीपोटी घड्याळाकडे बघत राहणेही नाही. क्वचित येणारी वेळ आली आहे, आता हात सैल सोडायचा, एवढीच त्यामागची समजूत. राष्ट्रकूट, शिलाहार, यादव यांच्या ताम्रपटांतही तीच दिसते. ग्रहणपर्वावर स्नान करून अमुक गाव, अमुक जमीन दान दिली, असा मजकूर त्यांत वारंवार भेटतो. इतिहासाच्या अभ्यासकांना त्याचा आज आणखी एक उपयोग होतो. शेकडो वर्षांमागचे ग्रहण गणिताने काढता येते, त्यामुळे ताम्रपटावरची मिती खरी की खोटी हे पडताळून पाहता येते.

आता आजचे ग्रहण पाहा. आदल्या दिवसापासून फोन सुरू होतात. वेध किती वाजता लागतात? विरजण लावलेले चालेल का? फ्रिजमधल्या कणकेचे काय करायचे? सुनेला सातवा महिना आहे, तिने गोळ्या घ्यायच्या की थांबायचे? दान काय करावे, कोणाला करावे, असे विचारणारा फोन विरळाच. देण्याचा हा काळ भिण्याचा कसा झाला, हा या पुस्तकाचा विषय आहे. श्रद्धा की अंधश्रद्धा हा नेहमीचा वाद मी मुद्दाम मागे ठेवला आहे. त्या वादात दोन्ही बाजू ग्रहणाचे सगळे आचार एकत्रच मोजतात, आणि कोणता आचार कुठून आला, कोणाच्या वाट्याला आला, हे विचारायचे राहून जाते.

महाराष्ट्रात ग्रहणाचा निर्णय पंचांगात पाहायचा आणि पंचांगकर्त्यांनी तो निर्णयसिंधू, धर्मसिंधू यांच्या आधारे द्यायचा, अशी रीत आहे. दोन्ही ग्रंथांचा मराठी मुलखाशी जवळचा संबंध आहे. निर्णयसिंधू कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये काशीत लिहून पुरा केला, पण त्यांचे भट्ट घराणे मूळ पैठणचे. धर्मसिंधू हा पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा, म्हणजे बाबा पाध्यांचा, १७९० सालचा ग्रंथ. धर्मसिंधूतले ग्रहणप्रकरण सावकाश वाचले की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. त्यातला भर कर्तव्यावर आहे. स्पर्श होताच स्नान करावे, मध्यकाळी होम, पूजा, जप करावा, ग्रहण सुटू लागले की दान द्यावे आणि मोक्षानंतर पुन्हा स्नान करावे. त्या काळात कोणतेही पाणी गंगेसारखेच पवित्र. मंत्र घ्यायचा असेल तर वेगळा मुहूर्त शोधण्याची गरज नाही. घरात सोयर किंवा सुतक असले तरी ग्रहणाचे स्नान-दान अडत नाही. एरवी ज्याला देवघराच्या उंबऱ्यावर थांबायला सांगितले जाते, त्यालाही या पर्वात वाटा आहे. रविवारी सूर्यग्रहण किंवा सोमवारी चंद्रग्रहण आले तर तो चूडामणी योग, त्याचे पुण्य आणखी मोठे. शास्त्रकारांच्या मनात ग्रहण हा पर्वकाळ होता, आणि पंचांगात आजही तोच शब्द छापला जातो.

जेवणाचे निर्बंध शास्त्रात आहेत, ते मी लपवणार नाही. सूर्यग्रहणाआधी चार प्रहर आणि चंद्रग्रहणाआधी तीन प्रहर वेध पाळायचे, म्हणजे साधारण बारा आणि नऊ तास. पण त्याच शास्त्रात बालक, वृद्ध आणि आजारी यांना सवलत आहे, आणि पंचांगकर्ते त्यांच्याबरोबर गर्भवतीचेही नाव घालतात. ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाचेच उदाहरण घ्या. स्पर्श रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी होता. सर्वसाधारण माणसांना वेध दुपारी साडेबाराच्या सुमारास लागले, तर मुले, म्हातारीकोतारी, आजारी आणि गर्भवती यांच्यासाठी ते सायंकाळी सव्वापाचपासून सांगितले होते. ही ओळ पंचांगात असते, दिनदर्शिकेत असते, वर्तमानपत्रातही येते. घरात मात्र ती वाचली जात नाही. ज्यांना सवलत दिली आहे त्यांच्याकडूनच सर्वांत कडक पाळणूक करून घेतली जाते, हे मी घरोघरी पाहिले आहे.

आणखी एक नियम असाच हरवला आहे. ग्रहण जिथे दिसते तिथेच ते पाळायचे. न दिसणाऱ्या ग्रहणाचे वेध नाहीत, स्नान नाही, काहीच नाही. छायाकल्प चंद्रग्रहणही पाळायचे नसते, कारण डोळ्यांना त्यात ग्रास दिसत नाही. ८ एप्रिल २०२४ चे सूर्यग्रहण टेक्सासमध्ये खग्रास होते आणि भारतात दिसणारच नव्हते. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. डलासला राहणाऱ्या मराठी माणसाने शास्त्र मानायचे ठरवले तर तिथल्या घड्याळाने मानायचे, आणि पुण्यातल्या त्याच्या आईने पाडव्याची तयारी निर्धास्तपणे करायची, इतका हा नियम स्वच्छ आहे. तरीही इथल्या कितीतरी स्वयंपाकघरांत त्या दिवशी तुळशीची पाने खुडली गेली.

ग्रहण का लागते हे आपल्याकडे कोणाला ठाऊक नव्हते आणि म्हणून लोक भ्यायले, असे सरसकट सांगितले जाते. ते खरे नाही. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची छाया चंद्राला झाकते, असे स्पष्ट लिहिले. वराहमिहिराने बृहत्संहितेत राहूवर आख्खा अध्याय लिहिला आणि त्यात राहू हे कारण नव्हे असे दाखवून दिले. त्याची नजर इतकी बारीक, की चंद्रग्रहण चंद्रबिंबाच्या पूर्वेकडून आणि सूर्यग्रहण सूर्यबिंबाच्या पश्चिमेकडून का सुरू होते याचाही खुलासा त्याने छायेच्या आणि चंद्राच्या गतीवरून केला. ब्रह्मगुप्ताने मात्र इ.स. ६२८ मध्ये या दोघांना श्रुतिस्मृतींच्या विरुद्ध बोलतात म्हणून दोष दिला आणि गणित पुन्हा छायेचेच केले. चार शतकांनी अल्बेरुनी भारताविषयी लिहायला बसला तेव्हा ब्रह्मगुप्तासारख्या मोठ्या गणितज्ञाची ही ओढाताण त्याला फार खटकली. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत तडजोड काढली: राहू ब्रह्मदेवाच्या वराने छायेत प्रवेश करतो, म्हणजे पुराणही राहिले आणि गणितही. याच भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटण्याला मठ काढला. तिथला शिलालेख त्याची साक्ष देतो.

मला त्या तडजोडीतून आपला स्वभाव दिसतो. एकच माणूस सकाळी ग्रहणाची पळे-विपळे काढत असे आणि संध्याकाळी त्याच ग्रहणात राहूच्या नावाने दान देत असे. त्याला त्यात विसंगती वाटत नव्हती, कारण ग्रहण कशाने लागते आणि ग्रहणात काय करावे हे त्याच्या लेखी दोन वेगळे प्रश्न होते. कोकणात मुरूडजवळच्या नांदगावी गणेश दैवज्ञाने १५२० मध्ये ग्रहलाघव लिहिले आणि ज्या-चापाची किचकट आकडेमोड टाळून ग्रहगणित सोपे केले. पुढे कित्येक पिढ्या गावोगावच्या जोशांनी त्याच्या आधारे पंचांगे वर्तवली. चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला सुमारे ५ अंशांनी तिरका आहे. ते दोन मार्ग जिथे छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. ते उलट्या दिशेने सरकत साधारण साडेअठरा वर्षांत एक फेरा पुरा करतात. अमावास्या किंवा पौर्णिमा या बिंदूंजवळ आली तरच ग्रहण, एरवी नाही. गावच्या जोशाला हे तपशील ठाऊक असत. ते माजघरापर्यंत पोचले नाहीत, हा दोष ज्ञानाच्या वाटपाचा आहे, ज्ञानाच्या अभावाचा नाही.

पुराणकथा मात्र माजघरापर्यंत, शेतापर्यंत पोचली आणि महाराष्ट्राच्या नकाशावर जाऊन बसली. समुद्रमंथनानंतर मोहिनीने अमृत वाटले ते प्रवरेकाठी नेवाशाला, अशी तिथली श्रद्धा आहे. देवांच्या पंगतीत लपून बसलेल्या असुराला सूर्य-चंद्रांनी ओळखले, विष्णूने त्याचे शिर उडवले. शिर पडले ती राहुरी, काया पडली ते कायगाव. नेवाशात मोहिनीराजाचे देखणे दगडी मंदिर आहे, आणि याच गावात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. नकाशात ही तीन गावे शोधून पाहावीत. एका कथेचे तुकडे गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात असे विखुरलेले पाहिले, की लोक पुराण नुसते ऐकत नव्हते, त्यात राहत होते, हे कळते. चुगली करणाऱ्यांवर राहूने धरलेला डूख आणि दर ग्रहणात घेतलेला सूड, ही गोष्ट मुलांना सांगायला मला आजही आवडते. ती सांगितल्याने कोणाचे नुकसान होत नाही.

नुकसान होते ते वेगळ्या ठिकाणी, आणि तिकडे वळण्याआधी घरातल्या दोन आचारांकडे जवळून पाहिले पाहिजे.

पहिला मुसळाचा. ग्रहण लागले की ओसरीवर पितळी परात मांडतात, तिच्यात पाणी घालतात, हळदकुंकू, अक्षता वाहतात आणि मधोमध मुसळ उभे करतात. लाकडी मुसळ, तळाशी लोखंडी वसू. घरातली जाणती बाई दोन्ही तळव्यांत धरून ते तोलते, श्वास रोखून हळूच हात काढते, आणि मुसळ कशाच्याही आधाराशिवाय उभे राहते. भोवती मुले बसलेली असतात. ते उभे आहे तोवर ग्रहण आहे, मोक्ष झाला की पडणार, असे सांगतात. वसूचा काठ झिजून सपाट झालेला असला आणि हात सरावाचा असला, की मुसळ कोणत्याही मंगळवारी असेच उभे राहते. ज्या घरांत मी हे पाहिले तिथे ही गोष्ट त्या बाईलाही माहीत होती. तिच्या लेखी मुसळ उभे करणे ही ग्रहणाची वेळ घरात आणून ठेवण्याची रीत होती. आकाशात ढग असले तरी मुलांना काहीतरी बघायला मिळे. कोकणात याच मुसळाने फळ न धरणाऱ्या झाडाला ग्रहणात ठोकण्याचीही चाल होती.

दुसरा तुळशीपत्राचा. दूध, तूप, लोणचे, साठवणीचे पाणी यांवर तुळशीचे पान किंवा दर्भाची काडी ठेवायची, म्हणजे ते टाकावे लागत नाही. धर्मग्रंथांत पाणी, ताक अशा पदार्थांना तीळ किंवा दर्भ घातल्यास दोष नाही असे सांगितले आहे, त्याचेच हे घरगुती रूप. माझ्या मते हा सगळ्या ग्रहणाचारातला सर्वांत समंजस नियम. शिजवलेले अन्न टाका म्हणणाऱ्या शास्त्राने गरिबाच्या घरचे ताक आणि लोणचे वाचवायची सोयही करून ठेवली. २०२२ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला झाले, २५ ला सूर्यग्रहण आले आणि पाडवा २६ वर गेला. तेव्हा चकल्या-लाडवांच्या डब्यांवर दर्भाच्या काड्या दिसत होत्या आणि कोणीही फराळ फेकून दिला नाही. ग्रहणाच्या किरणांनी अन्न विषारी होते, तुळस ते किरण शोषून घेते, अशी स्पष्टीकरणे मात्र मला मान्य नाहीत. ग्रहणात नवे किरण निर्माण होत नाहीत. आहे तोच प्रकाश काही काळ अडतो, इतकेच. रीत म्हणून पान ठेवा, त्याला विज्ञानाचा मुलामा देऊ नका.

आता दानाकडे. ‘दे दान, सुटे गिराण’ ही हाक ज्यांनी ऐकली आहे अशी माणसे अजून आहेत. ग्रहण सुटू लागले की गल्लीतून ती हाक येई आणि बाया सुपात धान्य, जुने लुगडे, सुटे पैसे घेऊन दारात येत. हाक देणारे बहुधा मांग समाजातले असत. राहू-केतूंशी त्यांचे नाते जोडले गेले होते, म्हणून ग्रहणाचे दान त्यांना द्यायचे, त्यांनी घेतले की ग्रहणाची पीडा टळते, असा समज होता. या चित्रात दातृत्व आहे आणि त्याच्या पोटात जातिव्यवस्थेचा क्रूरपणाही आहे. पीडा त्यांच्या पदरात टाकायची आणि आपण न्हाऊन शुद्ध व्हायचे! स्वाभिमानाच्या चळवळींनी गावकीची अशी मागणी सोडायला लावली ते योग्यच झाले. प्रश्न उरतो तो देणाऱ्यांचा. मागणारा दारात येईनासा झाला, तेव्हा देणाऱ्याने दुसरी वाट शोधली नाही. शाळा होत्या, दवाखाने होते, दुष्काळ तर नेहमीचाच होता. सूप तेवढे आत गेले आणि दार लागले. ग्रहणातली सर्वांत मोठी पडझड मला इथे दिसते.

दार लागले आणि त्याच्या आत सर्वांत जास्त कोंडली गेली ती गर्भवती. चिरायचे नाही, शिवायचे नाही, गाठ मारायची नाही, पाय दुमडायचे नाहीत, झोपायचे नाही, पाणीही प्यायचे नाही. एका जागी बसून राहायचे. विळीवर भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटतो, हा त्यातला सर्वांत पक्का समज. दुभंगलेल्या ओठाचे मूल जन्माला आले की पहिला प्रश्न आईला: ग्रहणात काय चिरलेस? या पुस्तकासाठी बोलताना अशा काही आयांना मी भेटले. एकीचा मुलगा शस्त्रक्रियेनंतर आज उत्तम बोलतो, नोकरी करतो, तरी मनातली ती विळी तिने अजून खाली ठेवलेली नाही. त्या सर्व आयांसाठी हे इथे ठळकपणे लिहिते. गर्भाचा ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू त्यानंतर लगेच. तोवर कित्येक बायकांना आपल्याला दिवस गेले आहेत हेही कळलेले नसते. सातव्या-आठव्या महिन्यात आलेल्या ग्रहणाचा त्या ओठाशी काडीचाही संबंध असू शकत नाही. आनुवंशिकता, फॉलिक अॅसिडची कमतरता, तंबाखू, आईचा मधुमेह, काही औषधे यांचा संबंध असू शकतो, आणि पुष्कळदा नेमके एक कारण सांगताही येत नाही. आईचा अपराध त्यात नसतो. नऊ-बारा तास अन्नपाण्यावाचून राहणे मात्र गर्भवतीला खरोखर बाधते, विशेषतः मधुमेह किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर.

याहून वाईट प्रकारही झाले आहेत. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात कर्नाटकात कलबुर्गीजवळ अपंग मुलांना बरे वाटेल म्हणून गळ्यापर्यंत मातीत पुरून ठेवले होते. हे कोणत्या ग्रंथात आहे असे कोणी विचारले नसावे. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते कित्येक वर्षे ग्रहणात एकत्र जमून खातात-पितात. त्या प्रात्यक्षिकांची चेष्टा करणाऱ्यांनी त्यातून एखाद्या सुनेला त्या दिवशी पोळी खाता आली, एवढे तरी मोजावे.

सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहू नये हा नियम मात्र पूर्णपणे खरा आहे. आपल्या डोळ्यातल्या पडद्याला वेदना कळत नाही, तो जळताना दुखत नाही, म्हणून धोका अधिक. धर्मसिंधूतही ग्रस्त बिंब वस्त्राच्या किंवा पाण्याच्या आडून पाहावे असे सांगितले आहे. कापड किंवा पाणी सूर्यासाठी पुरेसे नाही, काजळी धरलेली काच आणि एक्स-रेची फिल्मही नाही. पण मुद्दा असा, की पाहूच नका असे शास्त्रकार म्हणत नव्हते. याच भूमीवरून ग्रहणे नीट पाहिलीही गेली आहेत. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर विजयदुर्गावर तळ ठोकून होते. त्याच ग्रहणात पुण्याच्या वेधशाळेचे नेगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला दुर्बिणी रोखून बसले होते. विजयदुर्गावरचे ‘साहेबाचे ओटे’ लोक आजही दाखवतात. हेलियमचा शोध तिथे लागला असे सांगितले जाते. पण सूर्याच्या वर्णपटातली ज्या पिवळ्या रेषेवरून हेलियम ओळखला गेला ती रेषा १८६८ ची, आणि लॉकयर यांनी ती इंग्लंडमधून पाहिली होती. गडाचा मान त्याने कमी होत नाही. १८९८ चे काम पुरेसे मोठे आहे.

पुढच्या प्रकरणांत मी हे सगळे सविस्तर मांडले आहे: आधी ग्रंथ, मग गणित, मग घर, मग गाव. घराचे प्रकरण सर्वांत मोठे झाले, कारण ग्रहणाचा आचार आजवर बायकांनीच सांभाळला आणि त्यांचे म्हणणे कोणी लिहून घेतले नव्हते. जप, स्नान, मौन यांतून ज्यांना समाधान मिळते त्यांना यात कुठेही कमी लेखलेले नाही. मी स्वतः मोक्षानंतर स्नान करते आणि करत राहीन.

२ ऑगस्ट २०२७ ला आषाढ अमावास्या आहे, दिव्यांची अवस, शिवाय सोमवार. त्या दिवशी दुपारनंतर महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. वेध पहाटेपासूनच असतील आणि कणकेचे दिवे उकडायचे की नाहीत, असे प्रश्न येतील. वाचकांना माझी विनंती आहे. पंचांगातला निर्णय पाहा, पण तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. घरात गर्भवती, आजारी किंवा वयस्कर माणूस असेल तर त्याला वेळेवर जेवू घाला आणि औषध द्या. ढगांनी वाट दिली तर प्रमाणित चष्मा लावून मुलांसह सूर्य पाहा. आणि मोक्ष झाल्यावर स्नानाबरोबर दानही करा, ज्याला खरी गरज आहे त्याला, त्याचा मान राखून.